जुळे सोलापूरच्या एका भागाचं थ्रीडी मॉडेल करायचंय, जमिनीची उंची कुठून आणू?

वैतागलेली_इंजिनियर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातच स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय सरांनीच ठरवून टाकला: जुळे सोलापुरातल्या एका भागाचं डिजिटल ट्विन, म्हणजे संगणकातली हुबेहूब प्रतिकृती, आणि तिथल्या पावसाच्या पाण्याचा अभ्यास. पहिल्याच दिवशी त्यांनी सिंगापूरचा व्हिडिओ दाखवला. अख्खं शहर पडद्यावर फिरतंय, इमारतीवर बोट ठेवलं की मजले, सावली, वारा, सगळं कळतंय. "असं काहीतरी करा" म्हणाले आणि आठवडाभर रजेवर गेले.

नंतर वाचलं की सिंगापूरने ते काम २०१४ साली जाहीर केलं आणि त्यासाठी ७ कोटी ३० लाख सिंगापूर डॉलर ठेवले. माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, चार महिने आणि बाबांची स्कूटी आहे.

आतापर्यंत काय केलंय ते सांगते. क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्ते घेतले, पण आमच्या भागातली घरं त्यावर जवळजवळ नाहीतच, म्हणून उपग्रहाच्या चित्रावर बसून एकेक घर गिरवलं. ४१२ घरं, तीन रविवार. जमिनीच्या उंचीसाठी एसआरटीएम या अंतराळातून केलेल्या मोजणीचा ३० मीटरचा फुकट डेटा घेतला आणि पाणी कुठून वाहील त्याच्या रेषा काढल्या.

आता गंमत बघा. मॉडेलमध्ये नाला एका अपार्टमेंटच्या पार्किंगमधून जातोय. आणि मोठ्या रस्त्याच्या अलीकडे चक्क तळं साचलंय, जिथे खरं तर रस्त्याखाली मोरी आहे. मी रोज त्यावरून जाते.

तर विचारायचंय असं की सिटीइंजिन या थ्रीडी शहरं उभी करणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती घेऊन हे नीट होईल का? नसेल तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? आणि इमारतींची उंची कुठे मिळते? प्लीज कोणीतरी सांगा, पुढच्या सोमवारी पहिलं सादरीकरण आहे.

पार्क_चौक_०७

ताई, मी मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात नकाशांचंच काम करतो. सिटीइंजिनच्या मागे लागू नका. ते नियमांवर चालतं. प्लॉट एवढा, मजले इतके, खिडक्या अशा, हे नियम लिहून दिले की ते पाच मिनिटांत शहर उभं करतं. जे शहर अजून बांधायचंय त्याला हे उत्तम. तुमचं बांधून झालंय, आणि चाचणीची मुदत नेमकी सादरीकरणाच्या आदल्या दिवशी संपते, हा माझा अनुभव.

क्यूजीआयएसमध्येच राहा. क्यूजीआयएस-टू-थ्रीजेएस नावाचं प्लगइन आहे, त्यातून तुमची ४१२ घरं ठोकळ्यांसारखी उभी राहतात आणि ब्राउझरमध्ये फिरवता येतात. शहरांच्या थ्रीडी मॉडेलसाठी सिटीजीएमएल नावाचं प्रमाण आहे, त्यात तपशिलाच्या पायऱ्यांना एलओडी म्हणतात. हे ठोकळे म्हणजे एलओडी १. छपराचा आकार आला की एलओडी २. तुमच्या विषयाला ठोकळे पुरेत. पुढे कोणाला द्यायचं असेल तर सिटीजेसन या फाईलप्रकारात साठवा, फाईल हलकी राहते.

इमारतींची उंची तयार मिळणार नाही. स्कूटीवरून फिरा, मजले मोजा, मजल्याला तीन मीटर धरा. सोलापूरकरांना उंचीचं महत्त्व वेगळं सांगायला नको म्हणा, विमानाच्या वाटेत येते म्हणून २०२३ साली होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा अख्खं शहर मीटरमध्ये बोलत होतं.

एक गोष्ट आत्ताच तपासा. तुमचा प्रकल्प ईपीएसजी ३२६४३ वर आहे ना? म्हणजे यूटीएम पट्टा ४३ उत्तर, मीटरमध्ये मोजणारी नकाशापद्धत, सोलापूर त्यातच येतं. एसआरटीएमची फाईल अक्षांश-रेखांशात येते. तशीच वापरली तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये, आणि मग सपाट माळाचा चढ हिमालयासारखा निघतो. मी पहिल्या नोकरीत हा पराक्रम केलाय, साहेबांसमोर.

पाण्यासाठी दोन फुकट सॉफ्टवेअर आहेत. गटारांच्या आतून जाणाऱ्या पाण्याला एसडब्ल्यूएमएम, हे १९७१ पासून चालू आहे. जमिनीवरून पसरणाऱ्या पाण्याला हेक-रास, २०१६ मधल्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात पसरणारं पाणीही दाखवता येतं. ८ जीबीवर चालेल, फक्त जाळी फार बारीक करू नका.

कडक_भाकरी

लई भारी. नळाला पाणी किती दिवसाआड येतंय ते इथं कुणाला विचारू नका, आणि हे थ्रीडी कराल्यात. २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस स्मार्ट शहरांत नाव आलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. पेढे गोड होते, तेवढं आठवतंय.

आणि हे पाण्याच्या रेषा काढणारे आधी एक बटण दाबतात ना, "खड्डे बुजवा" म्हणून? माझ्या भाच्याने दाखवलं. बटण दाबलं की शहरातले सगळे खड्डे एका मिनिटात सपाट. म्हटलं, हे बटण कुठं विकत मिळतंय का बघ बे.

लेव्हलबुक

भाकरीचा टोमणा बरोबर आहे, पण पोरीला सोमवारी उभं राहायचंय, म्हणून कामाचं बोलतो. मी एकतीस वर्षं लेव्हल घेतल्या, म्हणजे दुर्बिणीने जमिनीच्या उंच्या मोजल्या. आधी डंपी, मग ऑटो लेव्हल. निवृत्त झालो तेव्हा कार्यालयात टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं होतं आणि माझी जुनी लेव्हल बुकं, उंचीच्या नोंदवह्या, रद्दीत निघाली होती. त्यातली चार मी घरी आणली. बायको अजून विचारते, ही कशाला?

पोरी, सॉफ्टवेअरचं नाव तू शेवटी विचार. आधी तुझ्या त्या ३० मीटरच्या डेटाचं बघू.

३० बाय ३० म्हणजे ९०० चौरस मीटर. आपल्या हिशोबात जवळजवळ नऊ गुंठे. या नऊ गुंठ्यांना मिळून तुझ्याकडे उंचीचा आकडा एकच. त्यात तीन बंगले, रस्ता, नाल्याचा काठ आणि नाल्याचा तळ, सगळे एकाच आकड्यावर. शिवाय त्या आकड्यात काही मीटरची चूक असू शकते, आणि आपल्याकडे पाणी डावीकडे जाणार की उजवीकडे हे वीतभर उंचीवर ठरतं. आणखी एक. हा डेटा अंतराळयानातून रडारने घेतलेला, फेब्रुवारी २००० मध्ये, अकरा दिवसांत. तेव्हा तुझ्या ४१२ घरांपैकी किती होती? माझं घर २००६ चं. तुझ्या मॉडेलमध्ये माझ्या घराच्या जागी अजून ज्वारीचं रान आहे.

आता तुझं तळं. रडार वरून बघतं. त्याला रस्त्याचा भराव दिसला, भरावाखालची मोरी दिसली नाही. म्हणून त्याच्या लेखी तो रस्ता म्हणजे बंधारा, आणि बंधाऱ्याच्या अलीकडे पाणी साचणारच. नकाशावाली मुलं अशा वेळी तिथली उंची हाताने खाली उतरवून वाट कापतात. हेक-रासमध्ये मोरी म्हणूनच भरता येते, नळीचा व्यास, लांबी, दोन्ही तोंडांची इन्व्हर्ट लेव्हल म्हणजे तळाची उंची देऊन.

पण भरायच्या आधी ती मोरी उतरून बघ. का ते सांगतो.

नोकरीची शेवटची वर्षं. एका सल्लागार कंपनीची मुलं असंच मॉडेल घेऊन आली. पडद्यावर एका रस्त्याच्या मागे निळं तळं. मी सगळ्यांसमोर हसलो. म्हटलं, तिथे मोरी आहे, नऊशे मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्या, लेव्हल मी स्वतः दिल्यात, पान काढून दाखवू का? पोरं ओशाळली, दोन नळ्या भरल्या, निळं गायब झालं. अहवाल छापला, बाइंडिंग झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरात संध्याकाळी तासभर पाऊस कोसळला आणि पाणी बरोबर त्या निळ्या जागी साचलं. किराणा दुकानाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी पँट दुमडून मी मोरीत उतरलो. एका नळीत कुणाची तरी फाटलेली गादी बसली होती, कापूस फुगून बूच झालं होतं. दुसरी निम्म्यापर्यंत गाळाने भरलेली. मॉडेल चुकून बरोबर निघालं होतं आणि मी लेव्हल बुक हातात घेऊन चुकलो होतो.

त्या रात्री घरी बसून हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. पाणलोट साधारण ६० हेक्टर. पाऊस तासाला ५० मिलिमीटर. पक्क्या वस्तीला वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणक ०.७. तिन्हीचा गुणाकार भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला ५.८ घनमीटर. नऊशेच्या दोन नळ्यांचं तोंड मिळून १.२७ चौरस मीटर. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने गेलं तरी अडीच घनमीटर. म्हणजे गादी नसती, गाळ नसता, तरी सेकंदाला तीन घनमीटर पाणी रस्त्यावर येणारच होतं.

मग मुलांच्या मॉडेलमध्ये निळं गायब कसं झालं? परत अहवाल उघडला. त्यांनी दिवसाचा ९० मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत सारखा वाटला होता. तासाला पावणेचार मिलिमीटर. असा पाऊस कोकणातल्या एखाद्या श्रावणी दुपारी पडत असेल. सोलापूरला दुपारी ढग चढतात, पाचला अंधार होतो, सहाला रस्त्याचा ओढा होतो आणि आठला लोक बाहेर येऊन भजी खातात. तुझ्या मॉडेलमध्ये पाऊस तासाचा घाल. दिवसाचा आकडा घातलास तर सोलापूर कधीच बुडणार नाही.

आता उंची कुठून आणायची. कॉलेजच्या सर्व्हे लॅबमध्ये ऑटो लेव्हल असते, ती रविवारी मागून घे. सर्वेक्षण खात्याची बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेली खूण, शोधत बसू नकोस. मोरीजवळच्या एखाद्या देवळाची पायरी पकड, पक्की, न हलणारी, तिला १००.००० नाव दे आणि सगळं तिच्यापासून मोज. पाण्याला समुद्रसपाटीशी देणंघेणं नसतं, शेजारच्या जागेपेक्षा आपण वर की खाली एवढंच त्याला कळतं. मोरीचे दोन्ही तळ, नाल्याचा तळ दर वीस मीटरला, रस्त्याचा मध्य आणि कडा. फेरा परत त्याच पायरीवर बंद कर, म्हणजे शेवटी परत १००.००० च यायला हवेत. किलोमीटरभराच्या फेऱ्याला दोन-अडीच सेंटिमीटर चूक चालेल. त्याहून जास्त आली तर परत फिर, आकडे जुळवून टाकू नकोस. जुळवलेले आकडे मला पान बघून ओळखता येतात.

घरांचे मजले मोजायला वरच्या भावाने सांगितलं, ते चित्रापुरतं ठीक. पाण्यासाठी जोतं मोज. दर थोड्या वर्षांनी जुन्या रस्त्यावर नवा थर पडत गेला, त्यामुळे कितीतरी जुन्या घरांची जोती आता रस्त्याच्या खाली आहेत. तिसरा मजला कधी बुडत नाही.

चावीवाला

नाव चावीवाला असलं तरी मी गल्लीला पाणी सोडायची चावी फिरवत नाही, ठेकेदाराकडे नळाच्या जाळ्याचे हिशोब करतो. भाकरीभाऊंच्या पाण्याच्या टोमण्यावरून राहवलं नाही.

नळाच्या जाळ्यासाठी ईपानेट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, तेही फुकट, १९९३ पासून. पण ते अशा शहरासाठी लिहिलंय जिथे नळ चोवीस तास भरलेला असतो. तुम्ही सांगायचं, या कोपऱ्यावर इतकं पाणी लागतं. ते म्हणतं, दिलं. दाब शून्याखाली गेला तरी म्हणतं, दिलं. आपल्याकडे पाणी दिवसांच्या अंतराने येतं. आलं की अख्खी गल्ली एकाच वेळी तोट्या सोडते, हौद भरून घेते, आणि निम्मी घरं थेट नळाला मोटर लावतात. टोकाच्या घराला फुसफुस हवा येते. ईपानेटच्या कागदावर तेच घर तृप्त.

२०२० ला २.२ आवृत्ती आली, तिच्यात दाबाप्रमाणे पाणी देण्याची सोय आहे. मी ती चालू करतो आणि प्रत्येक गल्लीला एक रिकामा हौद समजतो, पाणी सुटलं की भरायला लागणारा. मग टोकाची घरं कागदावरही कोरडी पडतात आणि हिशोब गल्लीतल्या भांडणांशी जुळतो. कोणत्या घरी मोटर आहे हे मात्र कुठल्याच नकाशात नाही. ते आमच्या खऱ्या चावीवाल्याला तोंडपाठ असतं. त्याच्यासोबत एक फेरी मारली की महिन्याचं काम वाचतं, फक्त चहा पाजावा लागतो आणि अधूनमधून शिव्या ऐकाव्या लागतात, त्याच्यासाठीच्या.

कडक_भाकरी

मोटरवाल्यांची यादी मी देतो. आमच्याच गल्लीपासून सुरू करा.

वैतागलेली_इंजिनियर

काका, पार्क चौक दादा, चावीवाले दादा, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दादा, ईपीएसजीचं तुम्ही म्हणालात तेच झालं होतं. माझा सगळ्यात मोठा चढ ८९ अंशांचा येत होता आणि मला वाटलं होतं तो संगणकाचा हट्ट आहे.

रविवारी मी आणि मैत्रीण जाऊन आलो. ऑटो लेव्हल मिळाली, स्टाफ म्हणजे आकड्यांची उभी पट्टी मिळाली, तिपाईचा एक पाय ढिला निघाला. त्याला सुतळी बांधली. देवळाच्या पायरीवरून सुरुवात केली, पुजारीबुवांनी आधी विचारलं की रस्ता रुंद होणार का. नाही म्हटल्यावर त्यांनी आम्हाला खडीसाखर दिली. फेरा बंद केला तेव्हा चूक ३१ मिलिमीटर आली, अंतर ८०० मीटर. परत फिरलो. दुसऱ्यांदा १४.

मोरीची एकच नळी दिसते. दुसरी गवताखाली आहे, काठी घालून पाहिलं तर हातभर आत जाते आणि अडते. समोरच्या मेडिकल दुकानाच्या शटरच्या खालच्या तीन पट्ट्या गंजलेल्या आहेत, वरच्या चकचकीत. दुकानदार म्हणाले, पाणी तिथवरच येतं, गेल्या पावसाळ्यातही आलं. रस्त्यापासून टेपने मोजलं, ३४ सेंटिमीटर. तो आकडा मी लेव्हल बुकात वेगळ्या शाईने लिहिला.

पण सांगायचंय ते वेगळंच. पार्किंगमधून जाणारा नाला आठवतो ना? त्या अपार्टमेंटचा वॉचमन म्हातारा आहे, इमारत व्हायच्या आधीपासून त्याच भागात. मी त्याला लॅपटॉप दाखवला. निळ्या रेषेवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही तर जुनी वाट. बिल्डिंग बांधताना नाला त्या भिंतीपलीकडं वळवला." पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी वर येतं, तेव्हा ते सगळे गाड्या बाहेर रस्त्यावर नेऊन लावतात.

म्हणजे २००० सालच्या रडारने जुना नाला बघितला होता का, काका? की ३० मीटरच्या चौकोनात योगायोगाने रेषा तिथे पडली? सोमवारी सरांनी विचारलं तर काय सांगू?

लेव्हलबुक

योगायोग असू शकतो. नऊ गुंठ्यांचा चौकोन आहे, त्यात काहीही बसतं. वॉचमन म्हणतो एवढ्यावर सरांसमोर ठाम बोलू नकोस.

भूमी अभिलेखमध्ये जा आणि त्या सर्व्हे नंबरचा जुना गाव नकाशा माग. त्यात ओढा काढलेला असतो. नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये बसव, बसवायला विहीर, देऊळ, शिवेचे दगड अशा जुन्या खुणा वापर, नव्या रस्त्याचे कोपरे वापरू नकोस. ओढ्याची रेषा आणि तुझी निळी रेषा एकावर एक आल्या तर बोल. नाही आल्या तर दोन्ही दाखव.

गंजलेल्या शटरची लेव्हल घेतलीस का? नुसते रस्त्यापासून ३४ सेंटिमीटर चालणार नाहीत, रस्ता तिथे किती उंचीवर आहे ते पायरीशी जोडायला हवं. नसेल घेतली तर येत्या शनिवारी सकाळी सातला मोरीवर ये, मैत्रिणीलाही आण. माझी तिपाई आणतो, तिचे तिन्ही पाय घट्ट आहेत. नऊनंतर ऊन तापतं आणि डांबरावरची हवा थरथरायला लागते, स्टाफवरचे आकडे नाचतात. टोपी घाल. आणि एक जुनं खुरपं आण, त्या दुसऱ्या नळीसाठी.

पार्क_चौक_०७

काका, ती चार लेव्हल बुकं स्कॅन करायची असतील तर मी दिवाळीला सोलापुरात आहे.

लेव्हलबुक

बायकोला विचारून सांगतो.